देवा बोले, जावे लागे

त्या घरात रोज संध्याकाळी दिवे लागले की सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसत आणि प्रार्थना करत. प्रत्येकानं आपली प्रार्थना मोठ्यानं म्हणायची, ही रीत. सुरुवात वयानं सर्वांत लहान असेल त्यानं करायची आणि शेवट मामंजींनी, हीही रीत. मामंजी म्हणजे घरातले सासरे. अठ्ठावीस वर्षं घरोघर टपाल वाटून पाय थकले, तेव्हा कुठं ते खुर्चीत बसले होते. कान अजून शाबूत होते, पण लांबलचक प्रार्थना सुरू झाली की त्यांना हटकून डुलकी लागे. त्यांचे दोन्ही मुलगे छापखान्यात कामाला होते, आणि दोघेही असे मुखदुर्बळ की सगळे शब्द छापखान्यातच संपवून घरी येत असावेत. त्याची भरपाई दोन्ही सुनांनी केली होती.

थोरली पंचावन्नची, धाकटी पस्तिशीच्या आतबाहेर. धाकटा दीर शेंडेफळ, त्याला थोरलीनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्यामुळे त्याची बायको म्हणजे अर्धी जाऊ आणि अर्धी सून, असं थोरली धरून चाले. धाकटी मात्र फक्त जाऊच धरून चाले. सगळा घोळ तिथंच होता.

उघड भांडण त्या घरात कधी झालं नाही. ते शोभलं नसतं. जे काही व्हायचं ते प्रार्थनेत व्हायचं.

"प्रभू," धाकटी डोळे मिटून म्हणायची, "पहाटे पाचला भांडी आदळल्याशिवाय ज्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही, त्यांच्या हातांना जरा विसावा दे."

मग धाकट्या दिराची एका ओळीची प्रार्थना व्हायची, आणि थोरलीची पाळी यायची.

"प्रभू, ज्यांचा दिवस सातपर्यंत उजाडतच नाही, त्यांच्याही डोळ्यांना प्रकाश दे. आणि ज्यांच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडतं, त्यांना स्मरणशक्ती दे."

पाळीचा क्रमच असा होता की धाकटी काही बोलली तर थोरलीला तिथल्या तिथं उत्तर देता येई, आणि धाकटीला उलट उत्तरासाठी चोवीस तास थांबावं लागे. चोवीस तासांत ती वाक्य चांगलं घासूनपुसून ठेवी. एकदा थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, आमेन म्हणून झाल्यावर पाण्याचा पेला उचलता उचलता म्हणाला, "लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं. आमच्याकडे देवा बोले, जावे लागे." तो वर्षातून दोनतीनदाच असं काही बोलायचा, म्हणून ते घरात टिकून राहिलं.

घराची पुढची खोली म्हणजे शिवणाचं दुकान. खिडकीखाली पायानं चालवायची दोन यंत्रं, मध्ये बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर खिळ्याला लटकवलेली थोरलीची कात्री. कामाची वाटणी पक्की होती. थोरली बेतायची, धाकटी शिवायची. त्या कात्रीला थोरलीशिवाय कुणी हात लावायचा नाही. थोरला एकदा मिशी कातरायला म्हणून तिच्याकडे गेला होता, तो नुसत्या नजरेनं परत फिरला.

थोरलीचा हात होताच तसा. बाई दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत हिनं तिची छाती-कंबर डोळ्यांनी मापलेली असे. टेप लावायचा तो आपला समाधानापुरता. तीस वर्षांत तिनं बेतलेला कपडा वाया गेला नव्हता. आणि एवढं असून बाई गर्विष्ठ नाही, असं सगळी मंडळी म्हणायची. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसे. चहा सगळ्यांना देऊन झाल्यावर उरला तर घेई. करपलेला पाव स्वतःच्या ताटात ओढून घेई, मात्र सगळ्यांचं लक्ष आहे ना, एवढं बघून. कुणी कौतुक केलं की म्हणे, "मी कोण हो? मी आपली पायपुसणं."

हे ऐकून समोरच्यानं "छे छे, काहीतरीच काय!" म्हणायचं असतं. एकदा धाकटी सुईत दोरा ओवत होती, तिचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "हो, जाऊबाई." त्यानंतर दोन दिवस घरात भांड्यांखेरीज कुणी बोललं नाही.

त्या वर्षी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला बाई हव्या होत्या. शाळेच्या मोठ्या बाईंनी धाकटीचं काम पाहिलं होतं. त्यांनी तिला विचारलं आणि लवकरच नक्की सांगते म्हणाल्या. धाकटीला ते इतकं हवं होतं की त्याबद्दल ती घरात चकार शब्द बोलत नव्हती. फक्त यंत्रावर बसून दोन्ही पायांनी पट्टी अशी भराभर हाणायची की टीप घोड्यासारखी पळे. तिचं हे वेड थोरलीला कळत होतं. आपलं शिवणारं माणूस जाणार, हेही कळत होतं. "जा हो, जा. माझं मी बघेन," असं ती म्हणाली होती, पण ते करपल्या पावासारखं होतं.

त्याच सुमारास मोठ्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. शनिवारी लग्न. मोठ्या बाईंनी पांढरं साटीन आणलं. एका बाजूनं दुधासारखं चकाकणारं, दुसऱ्या बाजूनं मंद. कापड सुरेख, पण मोजकं. चिमूटभरही जास्त नाही.

सोमवारी थोरली बेतायला उभी राहिली. सकाळीच पाळकबाई येऊन गेल्या होत्या. पाळकसाहेबांच्या या बायको स्त्रियांची सभा चालवायच्या, गुरुवारी दुपारी, चर्चमागच्या खोलीत.

"या गुरुवारी तुम्ही बोलायचं," त्या थोरलीला म्हणाल्या. "विषय नम्रता."

"मी कोण हो बोलणार? मी आपली..."

"म्हणूनच तुम्ही," पाळकबाई म्हणाल्या. पायपुसण्यापर्यंत त्यांनी जाऊच दिलं नाही.

थोरलीला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की साटीन टेबलावर पसरून, खडूनं खुणा करताना ती मनात भाषणच जुळवत होती. 'भगिनींनो, नम्र माणसाला आपण नम्र आहोत हे ठाऊक नसतं.' हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं. ती ते दोनदा पुटपुटली. मग 'भगिनींनो' आधी घ्यावं की नंतर, याचा विचार करत तिनं बाह्या बेतल्या.

एरवी कापड दुहेरी घडी करून बाह्या बेततात. आपोआप एक डावी, एक उजवी निघते. पण कापड मोजकं, म्हणून या बाह्या एकेक करून काढायच्या होत्या. अशा वेळी पहिली बाही काढली की बाहीचा कागद उलटा करून दुसरी आखायची. नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात, आणि साटीन उलटून लावताही येत नाही. शिवणाच्या पहिल्या महिन्यात मुलींना शिकवतात ते हे.

मंगळवारी धाकटीनं झगा जोडला. बुधवारी सकाळी बाह्या टाचायला घेतल्या आणि तिचा हात थांबला.

"जाऊबाई, ही उजवी बाही बसत नाही हो. पुढचा खोलगट भाग पाठीकडे जातोय."

थोरली भाषण कागदावर उतरवत होती. "बसव. नीट टाचलं की बसतं."

"नाही बसत."

"तीस वर्षं माझ्या बाह्या बसतायत. आजच बरी बसेनाशी झाली!"

धाकटीनं सुई उचलली. बाही धावदोऱ्यानं कशीबशी टाचली.

दुपारी मोठ्या बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीनं झगा घातला. डावा हात राणीचा दिसत होता. उजव्या खांद्यावर मात्र साटीन पिळवटल्यासारखं आवळलं होतं. मुलीनं हात उचलायला जाताच पाठीवर ही मोठी चुणी पडली.

"हे काय?" मोठ्या बाई म्हणाल्या. शाळेत वर्ग गप्प करायचा तो आवाज.

थोरलीनं बाही बघितली. चूक कुठं आणि कुणाची, ते तिला एका क्षणात कळलं. पण जीभ डोक्याच्या पुढं धावली.

"शिवताना चूक झाली असेल," ती म्हणाली. "धाकटीच्या हातून. घाई असते हो तिला."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. मोठ्या बाईंनी धाकटीकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. त्या हळूच म्हणाल्या, "येत्या सोमवारी तुमच्याशी शाळेबद्दल बोलायचं होतं. बरं, मला जरा विचार करू द्या." मग मुलीला घेऊन, झगा तिथंच ठेवून त्या गेल्या.

धाकटीनं टाके उसवायला घेतले.

थोरलीला उभ्या आयुष्यात 'मी चुकले' म्हणायची सवय नव्हती. ती म्हणायची, 'चूक झाली असेल.' जशी काही चूक बाहेरून आपली आपण चालत आली, घरात जरा टेकली आणि हिच्या कापडावर होऊन गेली. आज ती चूक तिनं धाकटीच्या मांडीवर नेऊन बसवली होती.

संध्याकाळी दिवे लागले. सगळे टेबलाभोवती बसले. थोरलीचे कान टवकारले होते. आज धाकटीच्या प्रार्थनेत काय काय येणार, याची तिनं दुपारपासून धास्ती घेतली होती. उत्तरंही तयार ठेवली होती.

"प्रभू, अन्नाबद्दल तुझे आभार. आमेन," धाकटी म्हणाली.

बस्स. एवढंच. धाकटा दीर इतका गोंधळला की आपली ओळ विसरला.

थोरलीनं घसा साफ केला. "प्रभू, आम्ही सगळी दुबळी माणसं. कळत नकळत आमच्या हातून चुका होतात. त्या सगळ्या चुकांची आम्हाला क्षमा कर." आणि मग सवयीनं तिनं आजारी, प्रवासी, विधवा, पाळक आणि गायनवृंद एवढ्यांसाठी मागणं केलं. एरवी विधवांपर्यंत मामंजींची मान छातीवर टेकलेली असे. आज ते जागे होते.

आमेन झालं. मामंजी म्हणाले, "कुठली चूक गं?"

"अं?"

"चुकांची क्षमा मागितलीस ना? कुठली चूक?"

"असंच हो, मामंजी. म्हणायची पद्धत असते."

"हं," मामंजी म्हणाले. "आमच्या टपालात अशी पाकिटं यायची. वर तिकीट चोख, अक्षर मोत्यासारखं, आणि पत्ताच नाही. कुठं नेऊन टाकणार? ती पडून राहायची." मग जरा थांबून म्हणाले, "आणि या घरातल्या टपालाची तर निराळीच तऱ्हा. पत्ता देवाचा घालायचा आणि पत्र शेजारच्या खुर्चीवर टाकायचं. मी आपला डोळे मिटून घेतो. म्हातारा झोपला असं वाटतं तुम्हाला."

दोन्ही सुनांनी एकदम ताटं वाढायला घेतली.

गुरुवारी सकाळी थोरलीनं भाषणाचा कागद घ्यायला टेबलाचा खण उघडला. कागदावर साटीनचं कातरण ठेवलं होतं. बेतून उरलेला तो लांबट, नुसत्या कडांचा तुकडा. तिघडी घातलेला, कडा जुळवलेल्या, वर टाचणी. अशी घडी घरात एकच बाई घालत असे.

थोरलीनं ते टेबलावर उलगडलं. बाह्या जिथून काढल्या होत्या तिथं कापडात दोन खाचा होत्या. एक डावी आणि एक उजवी बाही निघाली असती, तर त्या दोन खाचा दोन माणसं समोरासमोर तोंड करून बसल्यासारख्या दिसल्या असत्या. या दोन्ही एकाच दिशेला तोंड करून बसल्या होत्या. चर्चमधल्या बाकावर बसल्यासारख्या. अगदी शेवटच्या बाकावर.

तिनं तुकडा पुन्हा घडी करून हातात घेतला.

तिच्या ध्यानात आलं ते असं की धाकटीला कालच ठाऊक होतं. मोठ्या बाईंसमोर हा तुकडा नुसता उलगडला असता तरी पुरे होतं. एक शब्द बोलायची गरज नव्हती. प्रार्थनेत तर मैदान मोकळंच होतं. आणि तिनं घडी घालून, टाचणी लावून ठेवून दिला.

थोरली स्वयंपाकघरात गेली. धाकटी चहा गाळत होती.

"हे तू ठेवलंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मोठ्या बाईंसमोर? तीस वर्षांचं नाक गेलं असतं तुमचं. माझं काय, माझं आधीच चपटं आहे."

"आणि काल प्रार्थनेत?"

धाकटीनं गाळणी आपटली. "आलं होतं हो ओठांवर, जाऊबाई. काय वाक्य जमलं होतं म्हणून सांगू! 'प्रभू, ज्यांचा डावा हात काय करतो ते त्यांच्या डाव्या हाताला ठाऊक नसतं...' पण मग डोळे मिटल्यावर वाटलं, हे देवाला कशाला सांगतेय मी? त्याला साटीनचं काय करायचंय? तुम्हालाच सांगायचं होतं. म्हटलं, सकाळी चहा पिताना सांगू." तिनं गाळणीतला चोथा झटकला. "ती नोकरी हवी होती हो मला."

थोरली उभीच राहिली. तोंडात आलेलं वाक्य 'चूक झाली गं' असं होतं. तिनं ते गिळलं. गिळायला वेळ लागला. तीस वर्षं जुनं होतं.

"मी चुकले," ती म्हणाली.

धाकटीनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. "बसा. निवतोय."

दुपारी सभेत पंधरावीस बायका होत्या. पुढच्या रांगेत मोठ्या बाई होत्या. धाकटी मागं चहाच्या कपांपाशी होती. पाळकबाईंनी ओळख करून दिली: नम्रतेवर बोलायला यांच्याइतकं योग्य कोण आहे? थोरली उठली. भाषणाचा कागद तिनं आणलाच नव्हता. हातात नुसती कापडी पिशवी.

"एक चूक झाली," तिनं सुरुवात केली आणि स्वतःच थांबली. "म्हणजे, मी चुकले. मोठ्या बाईंच्या मुलीच्या झग्याच्या बाह्या मी चुकीच्या बेतल्या. आणि काल त्यांच्यासमोर दोष धाकटीवर ढकलला. तिचा काही दोष नाही."

मग पाळकबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला.

"बघा, बायांनो," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात नम्रता! जावेची चूक स्वतःच्या माथ्यावर घेतली!"

टाळ्या पडल्या.

"नाही हो," थोरली म्हणाली, "माझीच चूक आहे."

"असंच म्हणायचं असतं," एक जण शेजारणीला म्हणाली.

"अहो, खरंच माझी!"

"किती मोठं मन! शिका, शिका काही."

थोरली जितकं नाही नाही म्हणे, तितक्या त्या विरघळत. क्षणभर तिला वाटलं, आता बसावं. खरं होतं ते आपण बोललो, देवाच्या दारी नोंद झाली असेल. लोकांना वाटायचं ते वाटो. वर कौतुकही पदरात पडतंय. आयतं साखरेत पडायला मिळालंय. पण तिनं मोठ्या बाईंकडे बघितलं. त्या वळून मागं धाकटीकडे बघत होत्या, अगदी कालच्यासारख्याच, बिचारीकडे बघतात तशा. आणि धाकटी कपांवर वाकली होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय, असं थोरलीला वाटलं. मग दिसलं, ती तोंडात पदर कोंबून हसत होती.

थोरलीनं पिशवीतून कातरण काढलं आणि टेबलावर पसरलं.

"या," ती म्हणाली. "शिवण येतं त्या सगळ्या पुढं या. बघून घ्या."

सर्वांत आधी सुईणबाई आल्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांना कुणाचीच भीड नव्हती. त्यांनी चष्मा नाकावर सारला, एका खाचेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या.

"अगं बाई! या तर दोन्ही डाव्याच!"

"हो," थोरली म्हणाली.

"तुमच्याकडं बेततं कोण?"

"मीच. कात्रीला कुणाला हात लावू देत नाही."

"म्हणजे खरंच तू?"

"खरंच मी. नम्रतेचं भाषण जुळवत होते. कागद उलटायचा राहिला."

सुईणबाईंनी चष्मा काढला. "मग नम्रबिम्र काही नाही गं बाई. तू सरळ गाढव आहेस."

आधी एक हसली, मग दोघी, मग सगळी खोली. पाळकबाईंनी रुमाल खाली घेतला आणि काय करावं न सुचून त्याची घडी घातली. थोरलीचे कान तापले होते. "छे छे, काहीतरीच काय" असं कुणीही म्हणत नव्हतं. तिनं थोडी वाट बघितली. मग तिलाही हसू आलं. आणि एक नवल वाटलं: पायपुसणं, पायपुसणं म्हणत वर्षं गेली, कधी पाठ हलकी झाली नाही, आणि एका 'गाढवा'सरशी ओझं उतरलं.

मोठ्या बाई हसल्या नव्हत्या. त्या टेबलापाशी आल्या.

"म्हणजे काल तुम्ही माझ्यासमोर खोटं बोललात."

"हो, बाई."

"आणि या गप्प राहिल्या."

"हो."

"बरं. माझ्या मुलीच्या उजव्या हाताचं काय?"

मागून धाकटी म्हणाली, "झग्याचा मागचा घोळ वीतभर कमी केला तर बाही निघेल, बाई. एक जोड येईल. पण तो कोपराखाली घेऊन वर लेस लावते."

"जोड दिसेल?"

"कुणाला नाही दिसणार." धाकटीनं जरा विचार केला. "मला दिसेल."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं. आता ती नजर निराळी होती.

"सोमवारी शाळेत या," त्या म्हणाल्या. "आणि हे कातरण घेऊन या. पहिला धडा याच्यावरच घ्या."

ते कातरण पुढं बरीच वर्षं शिवणाच्या वर्गात भिंतीला टाचलेलं होतं. नव्या मुली विचारायच्या, हे कुणी बेतलं? धाकटी सांगायची, माझ्या जाऊबाईंनी, आणि त्या फार छान बेततात. दोन्ही खरं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर धाकटीनं घोळाचं कापड उसवून, इस्त्री करून टेबलावर पसरलं. थोरलीनं खिळ्यावरची कात्री काढली आणि तिच्यापुढं धरली.

"मी?" धाकटी म्हणाली.

"दोन डाव्या मी काढल्या. एक उजवी तुला जमते का बघू."

धाकटीनं कात्री घेतली. तिच्या हातात ती जरा मोठीच दिसत होती. ती कापडावर वाकली.

"कागद उलटलास?" थोरली म्हणाली.

"उलटला, जाऊबाई."

"पुन्हा बघ."

"जाऊबाई!"

"बरं, बरं. गप्प बसते." आणि ती खरंच यंत्राच्या खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. साटीन कापल्याचा तो मऊ, लांब आवाज तिनं आयुष्यभर स्वतःच्या कात्रीतून ऐकला होता. दुसऱ्याच्या हातून तो कसा वाटतो, हे तिला ठाऊक नव्हतं. छान वाटत होता. जरा सावकाश होता, पण छान.

बाही कापून धाकटीनं ती झग्याच्या उजव्या खांद्याच्या मुंढ्याला लावून बघितली. बसली.

दिवे लागले. सगळे टेबलाभोवती जमले. धाकटीनं डोळे मिटले.

"प्रभू, पहाटे पाचला..." ती म्हणाली आणि थांबली. तिनं डोळे उघडले. "जाऊबाई, उद्या भांडी जरा हळू ठेवाल का? मला दिवसभर बारीक काम आहे. झोप हवी."

"ठेवीन," थोरली म्हणाली. "सातला उठवू?"

"सहाला."

"हे पत्र बरोबर पोचलं," मामंजी म्हणाले.

धाकट्या दिराची ओळ झाली. थोरलीची पाळी आली. मामंजींनी सवयीप्रमाणे खुर्चीत पाठ सैल केली, हात पोटावर ठेवले आणि आजाऱ्यांपासून गायनवृंदापर्यंतच्या लांबच्या प्रवासाला निघायची तयारी केली.

"प्रभू," थोरली म्हणाली, "मी चुकले. धाकटीला सांगितलं आहे. तुलाही कळवते. आमेन."

मामंजींनी एक डोळा उघडला.

"झाली?"

"झाली, मामंजी."

"एवढीच? अगं, मला नीट डोळे तरी मिटू द्यायचेस."